थुंकीच्या बाई

पगारेबाई भित्र्या होत्या. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण पुढे जे झालं ते ऐकून लोक त्यांना वाघीण म्हणायला लागले, आणि कोणी तसं म्हटलं की बाई कावऱ्याबावऱ्या व्हायच्या. वाघीण कसली! समोर म्हैस दिसली की त्या वाट बदलत, मग ती बांधलेली का असेना. विजा कडाडायला लागल्या की वर्गात टेबलाखाली वाकत आणि पोरांना सांगत, "खडू पडलाय, शोधतेय." विस्तार अधिकारी तपासणीला येणार असं कळलं की त्यांना घास जात नसे. नवरा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात पाळ्यांवर कामाला, आणि ही घरातलं दिव्याचं बटण दाबताना डोळे मिटून घेणार! अशी बाई विंचूरच्या आतल्या अंगाला बोरटेक नावाच्या गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेवर शहात्तर साली आली आणि टिकली, हेच नवल. नोकरी सोडायचीही भीती वाटली म्हणून टिकले, असं त्या स्वतःच म्हणायच्या.

सोबत आई असायची, भिमाबाई. नवरा पाळी जमली तर रविवारी येऊन जायचा. दोघी मायलेकी शाळेमागच्या खोलीत राहायच्या, आणि दोघींमध्ये बोलणं थोडंच व्हायचं. भांडण काही नव्हतं. बोलायची सवयच मोडली होती, म्हणा ना.

शाळेला सरकारकडून विज्ञानाची पेटी आली होती. काचेच्या नळ्या, भिंग, स्पिरिटचा दिवा असं बरंच काही तिच्यात होतं. हेडमास्तरांनी ती कपाटात घालून कुलूप लावलं, कारण काही फुटलं तर निस्तरणार कोण! मग वरून हुकूम आला, की प्रत्येक शाळेनं मुलांना गमतीगमतीतून विज्ञान शिकवावं आणि त्याचा मेळावा भरवावा. हेडमास्तरांनी पेटी उचलली आणि सगळ्यात नव्या शिक्षिकेच्या टेबलावर आणून ठेवली. बाईंनी झाकण उघडलं, स्पिरिटचा दिवा बघितला आणि झाकण परत लावलं. 

आता काच नको, आग नको, वीज नको, मग उरलं काय? उरलं तोंड. ते तर प्रत्येक पोराजवळ होतं आणि फुटायची भीती नव्हती. बाईंनी पोरांना भाकरीचा कोर आणायला सांगितला. "चावत राहा. गिळायचं नाही. मी म्हणेन तेव्हाच." पोरं चावत बसली. थोड्या वेळानं एकेकाचे डोळे मोठे व्हायला लागले. कोरडी ज्वारीची भाकरी तोंडात गोड लागायला लागली होती! साखर कोणी घातली? तुमच्याच थुंकीनं, बाई म्हणाल्या. त्या दिवशी बोरटेकात घरोघर पोरं जेवायला बसली ती उठेचनात. चावतच बसली. दुसऱ्या दिवशी एक आई शाळेच्या दारात येऊन ओरडून गेली, "शाळेत काय थुंकायला शिकवता का वो?" तेव्हापासून गावात त्यांचं नाव पडलं, थुंकीच्या बाई.

मग असे बरेच खेळ निघाले. त्यातला सगळ्यात लाडका पिपाणीचा. जत्रेतली साधी पिपाणी एका पोराच्या तोंडात द्यायची आणि बाकीच्यांनी त्याच्यासमोर बसून गाभुळलेली चिंच चोखायची, मिटक्या मारत, डोळे मिचकावत. पिपाणीवाला जोर लावतो, पण तोंडाला असं पाणी सुटतं की पिपाणीतून सुराऐवजी बुडबुडे येतात. पोरं लोळायची हसून. मग बाई विचारायच्या, "चिंच कोणी खाल्ली? मग पाणी कोणाच्या तोंडाला सुटलं? का सुटलं?" पोरं उत्तरासाठी भांडायची. आणि शेवटी बाई उलटं विचारायच्या, "आणि थुंकी आटते कधी?" हे उत्तर पोरांना पाठ होतं. "भ्याल्यावर!" एवढं एक विज्ञान बाईंना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं.

भाकरी झाली, चणे झाले, शेंगदाणे झाले, पण तांदळाचा खेळ मात्र बाईंनी कधी घेतला नाही. पोरांनी आणले तरी, "तांदूळ नकोत," एवढंच म्हणायच्या.

त्याला कारण होतं. बाई तेव्हा लहान होत्या, नुसती लता. आई विंचूरच्या एका खळ्यावर कांदा निवडायला जायची आणि लता तिच्या मागे मागे. एके दिवशी मालकिणीचे चांदीचे तोडे दिसेनासे झाले. मालकानं पोलीस बोलावले नाहीत, भगत बोलावला. भगतानं तांदूळ मंतरले, खळ्यावरच्या सगळ्या बाया-पोरींना एका रांगेत उभं केलं आणि प्रत्येकीच्या तोंडात चिमूट चिमूट टाकली. "चावा. ज्यानं घेतलं नाय त्याचा वला लगदा पडंल. ज्यानं घेतलं त्याचं कोरडं पीठ पडंल." मग पळसाचं पान पुढे धरून तो एकेकीला थुंकायला सांगत आला.

घरानं बौद्ध धर्माची दीक्षा घेऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती. घरातले देव गेले होते, भीती मात्र जागच्या जागी होती. लतानं तोडे बघितलेही नव्हते. पण भगताचे लाल डोळे जवळ येताना दिसले आणि तिच्या जिभेचं लाकूड झालं. तिनं थुंकायला तोंड उघडलं तर पांढरी भुकटी पानावर सांडली. एकच ओरडा झाला. मालकिणीनं तिचा दंड धरला, कोणी केस धरले. तिच्यापुढच्या बायांना मग थुंकायला कोणी सांगितलंच नाही. तिला लागूनच उभी असलेली आई खाली बघत होती. एक शब्द बोलली नाही. त्याच दिवशी दोघींना खळ्यावरून हाकललं. तोडे सापडले की नाही ते कधीच कळलं नाही.

आईनं घरी येऊन मारलं नाही, विचारलंही नाही. पण त्यानंतर घरात काही हरवलं, सुई हरवली, वाटी हरवली, की आई आधी लताच्या तोंडाकडे बघायची. नुसती बघायची आणि नजर काढून घ्यायची. लता मोठी झाली, शिकली, मास्तरीण झाली, तरी ती नजर तशीच राहिली. शंभर म्हशी परवडल्या, पण त्या एका नजरेची बाईंना धास्ती असायची.

त्र्याऐंशीच्या माघात, जत्रा तोंडावर आलेली असताना, बोरटेकच्या देवीचे चांदीचे डोळे गेले. सकाळच्या आरतीला ते मूर्तीवर होते, गुरवानं स्वतः पुसले होते. दिवेलागणीला बघतो तर नाहीत. त्या दिवशी पगारेबाई गावात नव्हत्याच. नाशकात विज्ञान मेळावा होता आणि त्या पोरांना घेऊन पहाटेच्या एसटीनं गेल्या होत्या. शाळा समितीचे अध्यक्ष म्हणून चिमाजी पाटीलही सोबत होते. विज्ञानाशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं, पण मेळाव्यात फोटो काढतात असं त्यांच्या कानावर आलं होतं. पिपाणीचा खेळ तिथे असा रंगला की बक्षीस देणारे साहेबच आवंढे गिळायला लागले. सगळी मंडळी खुशीत परतली ती अंधार पडल्यावर, आणि वेशीतच बातमी कळली.

बिनडोळ्यांची देवी जत्रेत बसवायची कशी? गाव हादरलं. चिमाजी पाटलांनी शेजारच्या गावचा बहिरू भगत बोलावला. त्या दिवशी देवळात जे जे गेले होते त्यांना तांदूळ चावायला द्यायचे असं ठरलं. गुरव, फुलं देणारा, दिव्याला तेल आणणारे दोघं, आणि देवळापुढचं अंगण झाडणारी कुसाबाई. नावं पाच होती, पण गावानं मनात एकच धरलं होतं. कुसाबाई विधवा, मूलबाळ नाही, गावाच्या कडेला एक छपराची खोली. तिच्यावर आळ आला तर तिच्या बाजूनं बोलणारं कोणी नव्हतं. चिमाजींनी बजावून सांगितलं, ज्याचे तांदूळ कोरडे पडतील त्यानं त्याच दिवशी गाव सोडायचं.

कुसाबाई शाळेत पाणी भरायची. दुसऱ्या दिवशी सकाळी ती हंडा रिकामाच घेऊन आली आणि वर्गाच्या उंबऱ्यावर बसली.

"बाई, मी नाय घेतलं वो."

"मला माहीत आहे, कुसाबाई."

"पर माझं तोंड आत्ताच वाळलंय. उद्याला कसं व्हायचं? ह्या वयात कुठं जाऊ मी? आभाळाखाली?"

 उद्या काय होणार ते त्यांना लख्ख दिसत होतं. खळं, पळसाचं पान, पांढरी भुकटी. त्या हेडमास्तरांकडे गेल्या. हेडमास्तर म्हणाले, "पगारेबाई, देवीचं काम आहे. आपण परगावचे. त्यातून तुम्ही..." पुढचं त्यांनी चहाबरोबर गिळलं. ते गिळलेलं बाईंना चांगलंच ऐकू आलं. उद्या तालुक्याला मीटिंग आहे असं सांगून हेडमास्तर मोकळे झाले.

घरी येऊन बाई अंथरुणावर पडून राहिल्या. मध्ये पडलं तर गाव उलटेल. नोकरी जाईल. आणि त्याहून वाईट म्हणजे विंचूर काही लांब नाही. कोणाला तरी ते खळं आठवेल, "अरे, ही तर तीच चोरटी पोर!" नाहीच पडायचं मध्ये, असं त्यांनी ठरवून टाकलं. भिमाबाई चुलीपुढे बसून होती. गावातलं सगळं तिच्याही कानावर आलं होतं. तिनं एकदा लेकीकडे बघितलं, तीच ती नजर, आणि परत चुलीकडे वळली.

सकाळी मात्र बाईंनी पोरांना सांगितलं, "येताना गाभुळलेल्या चिंचा आणा. आज वर्ग देवळासमोर भरेल." त्यांचा विचार साधा होता. भांडायचं नाही, बोलायचं नाही. पोरं पुढे बसून चिंचा चोखतील, कुसाबाईच्या तोंडाला पाणी सुटेल, तांदूळ ओले होतील, संपलं. कोणाला कळायचंही नाही. भित्र्या माणसाला सुचावी अशीच ती युक्ती होती.

देवळासमोर सारं गाव लोटलं होतं. ओट्यावर ती पाच माणसं रांगेत, पुढे बहिरू भगत, त्याच्या हातात सुपात तांदूळ. चिमाजी पाटील बाजूला. बाई पोरांना घेऊन ओट्याखाली उभ्या राहिल्या. पातळ मुठीत घट्ट धरून ठेवलं होतं. भगतानं मंत्र पुटपुटत पाचही तोंडांत चिमूट चिमूट तांदूळ टाकले. बाईंनी मान हलवली. पोरांनी खिशांतून चिंचा काढल्या आणि चोखायला लागली.

आणि खेळ लागू पडला! फुलं देणाऱ्यानं आवंढा गिळला. म्हाताऱ्यांनी जिभा फिरवल्या. चिमाजी पाटलांचा घसा वरखाली झाला. खुद्द बहिरू भगताला मंत्र मध्येच थांबवून तोंड पुसावं लागलं. गर्दीत कोणीतरी खुदकन हसलं. सगळ्या गावाच्या तोंडाला पाणी सुटलं, फक्त जिच्यासाठी हा खटाटोप त्या कुसाबाईच्या सोडून. तिनं डोळे घट्ट मिटून घेतले होते. तिला चिंचा दिसतच नव्हत्या.

गुरवाचा लगदा ओला पडला. फुलंवाल्याचा ओला पडला. तेलवाल्या दोघांचाही. मग पान कुसाबाईपुढे आलं. तिनं तोंड उघडलं आणि पांढरं पीठ पानावर भुरभुरलं.

"हीच! हीच ती!" गर्दी पुढे सरकली. दोघं-तिघं ओट्यावर चढले. कुसाबाई मटकन खाली बसली आणि हात डोक्यावर घेतले, मार चुकवायला घेतात तसे. खळ्यावर लतानंही असेच घेतले होते.

पुढे बाईंनी कितीतरी जणांना सांगितलं, की मी ठरवून गेले नाही, पाय गेले. त्या पायऱ्या चढून भगतासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मलाही द्या तांदूळ."

"तुमचं काय काम हितं?" भगत म्हणाला.

"मीही गावातच राहते. माझ्यावरही संशय घ्या."

गर्दीत कुजबुज झाली. पाटील म्हणाले, "बाई, खाली व्हा. तुमच्यावर कोन संशय घेतंय?" पण बाईंनी हात पुढे केला तो मागे घेईनात. शेवटी भगतानं वैतागून चिमूटभर तांदूळ त्यांच्या हातावर टाकले. बाईंनी ते तोंडात घातले आणि चावायला लागल्या.

इतक्या वर्षांनी तीच चव. आणि आता एक नवीनच भीती त्यांच्या मानेवर बसली. आज तांदूळ कोरडेच पडायला हवे होते, आणि समोर पोरं होती. त्यांच्या हातात चिंचा होत्या, तोंडं आंबट झालेली, जिभा बाहेर. बाईंच्या गालात पाणी जमायला लागलं. आयुष्यभर ज्या भीतीनं जीव खाल्ला ती आज वेळेवर दगा देते की काय! ओला लगदा पडला तर कुसाबाई मेली. बाईंनी नजर पोरांवरून उचलली आणि गर्दीवर फिरवली. तिथे निंबाखाली आई उभी होती. ती कधी आली ते कळलं नव्हतं. भिमाबाई लेकीच्या तोंडाकडे बघत होती. तीच नजर. बाईंचं तोंड एका क्षणात तापल्या तव्यासारखं कोरडं झालं.

त्यांनी पानावर थुंकलं. पीठ. कुसाबाईच्या पिठाहून कोरडं.

 भगत पानाकडे बघत राहिला. बाईंना आता बोलायचं होतं. चावता चावता सगळं मनात रचलं होतं, पण जीभ टाळूला चिकटली होती आणि तोंडातून शब्द फुटेना. तेवढ्यात खालून पोरं ओरडली, पिपाणीच्या खेळात ओरडायची तशीच, सगळी मिळून. "बाई भ्याल्यात! भ्याल्यावर थुंकी आटती!"

चिमाजी पाटलांनी पुढे येऊन पान हातात घेतलं. 

"बाई तर त्या दिशी माझ्यासंगं नाशकाला व्हत्या," ते हळूच म्हणाले. "येष्टीत माझ्या पुढच्याच बाकावर. सगळी वाट दांडी धरून बसल्या व्हत्या, गाडी पलटी व्हईल म्हून." मग आवाज चढला. "मंग यांचं कोरडं कसं, भगता?"

"पोरांनी चिंचा आणल्या पाटील. मंतर बाटला."

"चिंचंनं तोंड वलं व्हतं रं! माझं झालं, तुझं झालं. चिंचंनं कोरडं कसं व्हईल?" पाटलांनी कुसाबाईकडे बघितलं, मग बाईंकडे, आणि आपणच काय बोललो ते त्यांना हळूहळू उमगत गेलं. "ह्ये कोरडं चोरीचं नाय. भ्यालेल्याचं हाय."

बहिरू भगत सूप काखेत मारून गेला. सगळं गाव शहाणं झालं असं काही नाही. देवीचा कोप होईल असं बरेच दिवस लोक बोलत राहिले, आणि काही घरांनी पोरांचा पिपाणीचा खेळ बंद केला. डोळेही सापडले नाहीत. जत्रेला नवे करून बसवले. पण कुसाबाई आपल्या छपराखाली राहिली, शाळेत पाणी भरत राहिली. आणि पाटील पुढे कोणी पाहुणा आला की त्याच्यासमोर स्वतः चिंच चोखून दाखवायचे आणि त्यातलं विज्ञान समजावून सांगायचे, निम्मं चुकीचं.

त्या दिवशी बाई घरी आल्या त्या थेट भिंतीला टेकून बसल्या. सुटका झाल्यावर माणसाला हलकं वाटतं म्हणतात, त्यांना तर आता जास्तच भीती वाटायला लागली होती. भिमाबाई समोर बसली. पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागली.

"लते," ती म्हणाली, "खळ्यावर मी तुझ्या शेजारी व्हते."

"हो."

"माझ्याबी तोंडात तांदूळ व्हते. माझेबी कोरडेच व्हते गं. तुला समद्यांनी धरलं, माझ्याकडं कोणाचं ध्यान नव्हतं, आन मी गिळून टाकले." "मी काय तोडे घेतले नव्हते. तवाच कळलं मला, तांदूळ खोटं बोलत्यात. तू बी घेतले नसतील. पर बोलले असते तर मलाबी धरलं असतं."

 भिमाबाईनं मान वर केली. तीच नजर होती. फक्त आज ती तिनं काढून घेतली नाही.

"घरात काय हरवलं का मला वाटायचं, आता तू इचारशील. तवा गप का राह्यलीस म्हून इचारशील. तुझ्याच तोंडाकडं बघायचे. लय भ्यायचे गं मी तुला."

मला? बाईंना म्हणायचं होतं. मला कोणी कशाला भ्यावं? पण आईचे ओठ पांढरे पडलेले होते आणि कडेला तडकलेले. बाई उठल्या, माठातून तांब्या भरून आणला आणि आईपुढे धरला.

"आधी तू पी," त्या म्हणाल्या.